कड काढलेली भाकरी

केशरबाई घास चावायला बसल्या की वच्छला तोंड फिरवायची. चुलीकडं बघायची, कोनाड्यातल्या देवाकडं बघायची, काहीच नाही सापडलं तर अंगणातल्या खराट्याकडं बघायची. पण कानांचं काय करणार? पच पच असा तो आवाज सोप्यातून थेट माजघरात यायचा. सासूच्या तोंडात भाकरीचं मऊ पोट, दूध आणि गूळ एक व्हायचे, या गालातून त्या गालात बराच वेळ फिरायचे, आणि मग केशरबाई तीन बोटं तोंडात घालून तो कोमट, तार सुटलेला गोळा बाहेर काढायच्या. मिसरीनं तो करडा झालेला असायचा. कधीकधी त्यात हिरडीच्या रक्ताची लाल रेघही असायची. समोर नातू शहादेव 'आ' करून बसलेला असायचा. गोळा आत जायचा, न चावता खाली उतरायचा, आणि केशरबाई मोठ्या समाधानानं बोटं पदराला पुसायच्या.

वच्छलानं हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती परसात जाऊन ओकली होती. घरातल्या बायकांना वाटलं, हिला पुन्हा दिवस गेले. सगळ्या खूश झाल्या.

पाटोद्याच्या अलीकडं दोन कोसांवर हे गाव, आणि गावातलं हे देशमुखांचं घर. अंमल निजाम सरकारचा होता, देशमुखी नावापुरती उरली होती, पण घराचा तोरा तसूभर कमी झाला नव्हता. तोरा कशात म्हणाल तर खाण्यात. या घरात भाकरी कड काढून खायची रीत होती. तव्यावरून भाकरी उतरली की तिची कडक कड गोल फिरवून तोडायची आणि टोपल्यात टाकायची. ती गड्यांना, कुत्र्याला आणि घरातल्या पोरीबाळींना. मधलं मऊ पोट पुरुषांना, तेसुद्धा दुधात नाहीतर वरणात कुस्करून. आणि घरात मुलगा जन्मला की उष्टावणापासून पुढं पाच वर्षं घरातल्या सगळ्यात थोरल्या बाईनं त्याला घास चावून द्यायचा. देशमुखाच्या पोराच्या दातांना कष्ट पडता कामा नयेत, असं म्हणे कुणा पूर्वजानं ठरवून ठेवलं होतं. त्या पूर्वजाला दुसरं काही काम नसावं.

आता या घरच्या पुरुषांची तोंडं कशी होती तेही सांगायला हवं. सासरे सुंदरराव बोलायला लागले की समोरचा माणूस हळूच एक पाऊल मागं सरायचा. वरचे दात पुढं आलेले, खालचे एकमेकांच्या पाठीमागं दडलेले, दोन तर पार आडवे. ओठ दातांवर मिटतच नसत. वच्छलाचा नवरा भगवानराव म्हणजे बापाचीच दुसरी प्रत. रात्री तोंड उघडं टाकून झोपायचा, सकाळी उशी ओली. दातांच्या सांदीत अडकलेलं काल-परवाचं अन्न कडुनिंबाच्या काडीला सापडायचं नाही, ते तिथंच कुजायचं. भगवानराव जवळ आला की वच्छला श्वास धरून ठेवायची. त्याला वाटायचं, बायको लाजते. स्वभावानं तो वाईट नव्हता, आणि त्यामुळंच त्याला काही बोलताही यायचं नाही.

घरातली माणसं या दातांना 'देशमुखी तोंड' म्हणायची आणि त्यात काही गैर आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. वाटलं ते एकदाच. सुंदरराव पाटोद्याला कचेरीत गेले होते, जमिनीच्या हद्दीचा काही वाद होता. महसूल खात्याच्या गिरदावरसाहेबांसमोर उभं राहून ते तावातावानं उर्दूत आपली बाजू मांडायला लागले, आणि त्यांच्या तोंडातून उडालेली थुंकी साहेबांच्या ताज्या लिहिलेल्या कागदावर पडली. शाई फुटली. साहेबांनी रुमाल काढून आधी आपला हात पुसला, मग कागद. मागं बसलेले दोन कारकून खाली मान घालून हसले. सुंदररावांनी ते हसू घरापर्यंत आणलं. त्याच दिवशी त्यांनी बोलून दाखवलं, की भगवानसाठी पोरगी बघायची ती दात बघून. रक्तात चांगले दात आले म्हणजे पुढची पिढी सुधारेल.

सुंदररावांना बैलांची पारख होती. दोनदाती, चारदाती की सगळे दात येऊन जुळलेला, जबड्यात अंगठा घालून ते बैलाचं वय झटक्यात सांगायचे. पोरीही त्यांनी तशाच पाहिल्या. केजजवळच्या एका गावात वच्छलाच्या बापाच्या घरी ते आले, गूळ-पाणी घेतलं, पोरीला समोर बसवलं आणि म्हणाले, "आ कर, पोरी." मग खरोखरच त्यांनी तिच्या तोंडात बोट घातलं. ते बोट खालच्या दातांवरून फिरलं, वरच्या दातांवरून फिरलं, दाढेपर्यंत गेलं. त्याला तंबाखूची आणि गोठ्याची चव होती. वच्छलाला त्या वेळी वाटलं होतं की कचकन दात मिटावेत. तिनं मिटले नाहीत, आणि याची चुटपुट तिला पुढं कितीतरी वर्षं लागून राहिली.

सुंदरराव बाहेर येऊन म्हणाले, "खरं सोनं हाय." लग्न ठरलं.

पहिली मुलगी झाली. तिचं नाव अंजना. पोरीसाठी कोण घास चावत बसणार? केशरबाईंनी तिला मांडीवरसुद्धा फारसं घेतलं नाही. अंजना घरातल्या मोलकरणीच्या, छबुबाईच्या मागं मागं फिरत वाढली. छबुबाई टोपल्यातल्या कडा तिच्या हातात द्यायची, वाळलेले कुटके द्यायची, सुगीत ज्वारीचं कणीस भाजून द्यायची, उसाचं कांडकं द्यायची. आपली लेक कुत्र्याच्या टोपल्यातलं खाते म्हणून वच्छला तेव्हा मुसमुसून रडली होती. छबुबाईनं तिला समजावलं होतं, "रडू नगा वैनी, माझी चार पोरं त्याच्यावरच मोठी झालीत."

दोन वर्षांनी शहादेव झाला, आणि केशरबाईंच्या अंगात उत्साह संचारला. पाच वर्षं दिवसातून चार वेळा तो पच पच आवाज घरात घुमला. कड, फुटाणा, पेरू, बोर, यांतलं काही त्या पोराच्या तोंडाला लागलं नाही. चावणं बंद झालं त्यालाही आता तीन वर्षं होऊन गेली, तरी घरात त्याच्यासाठी शिरा, दूधभात आणि गुरगुटी खिचडीच शिजायची. भात ज्या मुलखात सणाला दिसतो तिथं हे पोरगं रोज भात खायचं. आणि आता नवव्या वर्षी त्याच्या तोंडाचं काय झालं होतं? दुधाचे दात हललेच नव्हते. त्यांना कधी धक्काच लागला नव्हता तर ते हलणार कशाला? नवे दात बिचारे यायची वेळ झाली तसे आले, पण पुढं जागा नाही म्हणून मागं उगवले. खाली दातांच्या दोन ओळी झाल्या. वर एक दात हिरडीच्या पार वरून डोकावत होता. दोन्ही ओळींच्या मध्ये खिचडीचा पांढरा चिखल साचायचा, आणि पोर हसलं की तो दिसायचा.

स्वतःच्या पोराची किळस येणं यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही. वच्छलाला ती यायची, आणि मग स्वतःचीच जास्त यायची.

सुंदररावांनी एक दिवस नातवाला उन्हात ओट्यावर बसवलं, जबड्यात अंगठा घातला आणि त्यांचा चेहरा पडला. "रगात फसवं निघालं," ते म्हणाले. दुसऱ्याच दिवशी आश्रुबा गड्याला बैलगाडी जुंपायला लावून ते केजकडं निघाले. सोयऱ्यांची विचारपूस करायला आलो, असं तिथं सांगितलं, आणि वच्छलाच्या बापाचं, दोन भावांचं आणि एका म्हाताऱ्या चुलत्याचं तोंड उघडायला लावून आत बघितलं. चुलत्यानं त्यांच्या समोर सुपारी दाढेखाली फोडून दाखवली म्हणे. घरी आल्यावर त्यांनी निकाल दिला.

"सोयऱ्याचं रगात चोख हाय. आधी पोरगी झाली, तितं चुकलं. मायचे दात तिनंच नेले, पोराला काय उरलं न्हाई."

केशरबाईंना ते पटलं. घरात सगळ्यांनाच पटलं. अंजनाला बजावण्यात आलं की धाकट्या भावाला हात लावायचा नाही. हा धाकटा म्हणजे म्हाळू, सात महिन्यांचा. खाली त्याला नुकतेच दोन दात आले होते, तांदळाच्या कण्यांएवढे. येत्या सोमवारी त्याचं उष्टावण होतं. आणि केशरबाईंनी आपल्या बाजूनं आणखी एक ठरवून टाकलं होतं.

"शादेवला पाच वर्सावर सोडलं, तितंच माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "ह्याला सात वर्सं चावून घालीन. जगले वाचले तर आठ."

वच्छला भाकऱ्या थापत होती. तिचा हात परातीतच थांबला. आठ वर्षं. तिच्या डोळ्यांपुढं म्हाळूचं ते बोळकं उभं राहिलं आणि त्यात जाणारा तो करडा गोळा. पण ओकायला परसात पळावं असं तिला या वेळी वाटलं नाही. राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती परसात गेली तेव्हा छबुबाई राखेत चिंचोके भाजत होती आणि अंजना शेजारी बसून ते कडाकडा फोडत होती. शहादेवनंही एक चिंचोका तोंडात टाकला. इकडं फिरवला, तिकडं फिरवला, डोळ्यांत पाणी आणलं आणि थुंकला. थुंकीबरोबर सकाळचा भात बाहेर आला. वच्छलानं नेहमीसारखं तोंड फिरवलं, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं दोन्ही पोरांना जवळ ओढलं. "आ करा," ती म्हणाली.

सासऱ्यानं जे कधी केलं नव्हतं ते तिनं केलं. दोन तोंडं शेजारी शेजारी ठेवून बघितली. अंजनाचे दात मोठे होते, शहादेवचेही तेवढेच मोठे होते. पण अंजनाचा जबडा चांगला रुंद होता, सुपासारखा, आणि दात त्यात ऐसपैस बसले होते. शहादेवचा जबडा निमुळता. बाजारातल्या गाडीत आठ माणसांच्या जागी पंधरा कोंबावीत तसे दात एकमेकांच्या मांडीवर बसले होते. दातांत खोट नव्हतीच. जागा कमी होती.

"छबुबाई, ह्याचा जबडाच वाढला न्हाई," ती म्हणाली.

"कसा वाढंल?" छबुबाई राख उकरत म्हणाली. "हाताला काम न्हाई दिलं तर दंड भरंल का, वैनी? तोंडाचं बी तसंच हाय की. आमच्यात कोन चावून देतंय? आमाला आमचंच चावाया येळ गावंना."

वच्छला तिथंच पायरीवर बसली. तिच्या मनात एकेक तोंड उघडायला लागलं. सुंदरराव, भगवानराव, शहादेव, सगळे चावलेल्या घासावर वाढलेले. आणि बायका? सासूचे, आत्याबाईंचे दात किडले होते, एक हलत होता, पण उभे कसे होते? ओळीत. दिल्या घरी गेलेल्या दोन्ही नणंदांचे? ओळीत. त्या याच रक्ताच्या, भगवानरावाच्या पाठच्या, पण त्यांनी कडा खाल्ल्या होत्या. या घरात पिढ्यानपिढ्या पोरींचे दात सरळ येत होते आणि ते कुणालाच दिसलं नव्हतं, कारण पोरीचं तोंड बघायचं ते दुसऱ्यांच्या पोरीचं, सून करून आणताना.

तिला हसू आलं, आणि ते कडू होतं.

आत भगवानराव जेवून आडवा झाला होता. तिनं सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, मग उठून बसला.

"तुझं सगळं खरं आसंल. पर आईला कोन सांगावं? आन मला बी तिनंच चावून घातलं की पाच वर्सं. मला काय झालं?"

हे बोलताना त्याच्या वरच्या दोन दातांच्या मध्ये अडकलेला भाकरीचा एक कण हलत होता. 'झालं' म्हणताना तो सुटला आणि वच्छलाच्या मनगटावर येऊन पडला. त्याच्या ते लक्षातही आलं नाही. वच्छलानं मनगट लुगड्याला पुसलं, परत पुसलं, आणि उठली.

मग ती सासूकडं गेली. केशरबाई जात्याजवळ बसून मिसरी लावत होत्या. वच्छलानं शक्य तितक्या गोड शब्दांत सांगितलं, की आत्याबाई, ह्या येळेस चावलेला घास नको, बाळाला कड चघळू द्यावी, अंजनाचे दात बघा कसे आलेत.

केशरबाईंनी मिसरीचं बोट तोंडातून काढलं.

"माझी घाण वाटती व्हय तुला?"

"तसं न्हाई, आत्याबाई."

"तसंच हाय. मला काय दिसत न्हाई व्हय, तू कावून तोंड फिरवतीस ते?" त्यांचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "माझ्या सासूनं ह्यास्नी चावून घातलं. मी भगवानला घातलं, शादेवला घातलं. माझ्या तोंडचा घास काढून दिला मी. म्या सोता कधी गरम खाल्लं न्हाई, आधी पोराचं, मग माझं. आन आज तू मला सांगतीस." त्यांनी पुन्हा मिसरीत बोट बुडवलं. "सोमवारी सगळी भावकी येनार हाय. तितं तमाशा करू नगंस."

वच्छला परत फिरली. सासूचं म्हणणं खोटं नव्हतं, हे तिला कळत होतं. त्या बाईनं खरंच आपल्या तोंडातलं काढून दिलं होतं. त्यामुळंच तर ते अडवायचं कसं हे कळत नव्हतं. तीन दिवस ती भाकऱ्या थापत, कडा तोडत आणि विचार करत राहिली.

सोमवारी भावकी जमली. सोप्यात सतरंज्या अंथरल्या, पाट मांडला, पाटाभोवती रांगोळी काढली. सुंदरराव पागोटं बांधून मधोमध बसले. म्हाळूला नवं अंगडं-टोपडं घालून केशरबाईंच्या मांडीवर दिलं. चांदीच्या वाटीत खीर होती आणि ताटात गव्हाचा शिरा. शहादेव आजीला खेटून उभा होता. अंजनाला दाराबाहेर थांबायला सांगितलं होतं. ती छबुबाईच्या पदराआडून बघत होती.

केशरबाईंनी शिऱ्याचा घास तोंडात घेतला. खीर ओतली. आवाज सुरू झाला. बायका कौतुकानं बघत होत्या, पुरुष पान लावत होते. सगळ्यांनी हे आपापल्या घरी बघितलं होतं, आणि बघताना कुणीही नीट बघत नव्हतं. वच्छलानं मात्र आज तोंड फिरवलं नाही. केशरबाईंनी तीन बोटं घालून गोळा काढला. त्यावर मिसरीचा काळा ठिपका होता आणि थुंकीची तार हनुवटीपर्यंत ताणली होती.

"आत्याबाई, जरा थांबा," वच्छला म्हणाली. "आधी मामंजींना द्या."

केशरबाईंचा हात थांबला. "कावून?"

"घरातल्या थोरल्यानं घेतल्याबिगर लहानानं कसं घ्यावं? तुमच्या हातचा घास हाय. त्यांचा पयला मान."

भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं मान डोलावली. "बराबर बोलली सून. घ्या देशमुख."

केशरबाईंच्या चेहऱ्यावर चक्क आनंद पसरला. इतक्या वर्षांत मानाची गोष्ट कुणी त्यांच्याबद्दल काढली नव्हती. त्या पाटावरून थोड्या वाकल्या आणि गोळा नवऱ्याच्या तोंडाजवळ नेला. सुंदररावांनी तो बघितला. आयुष्यात पहिल्यांदाच नीट बघितला. त्यांची मान आपोआप मागं गेली आणि नाक आक्रसलं.

"हट," ते म्हणाले. "मला का दात न्हाईत?"

कुणीतरी दबकं हसलं. केशरबाईंचा हात हवेत तसाच राहिला. मग त्या मुलाकडं वळल्या. "भगवाना, तू घे बाबा." भगवानरावानं पाच वर्षं हाच घास खाल्ला होता. तो एक पाऊल मागं सरला आणि पालथ्या हातानं तोंड झाकलं. "पोट भरलंय, आई," तो पुटपुटला. मान डोलावणारा म्हातारा आता सतरंजीची किनार बघत होता. सोप्यात कुणीच कुणाकडं बघत नव्हतं.

"आजी, मला दे," शहादेव म्हणाला.

आणि त्यानं सवयीनं तोंड उघडलं. मोठं, गळ्यापर्यंत, जसं पाच वर्षं दिवसातून चार वेळा उघडलं होतं तसं. डोळे मिटले, मान वर केली. दारातून येणारं ऊन नेमकं त्याच्या तोंडात पडलं. खालच्या दोन ओळी, मधला पांढरा चिखल, सुजलेली हिरडी, वर हिरडीतून डोकावणारा दात. सगळ्या भावकीनं ते बघितलं. एका बाईनं पदर नाकाला लावला.

"मीट बे तोंड," सुंदरराव ओरडले.

पोरानं मिटलं नाही. तो घासाची वाट बघत होता.

केशरबाई त्या तोंडात बघत राहिल्या. मग त्यांनी नवऱ्याकडं बघितलं, मुलाकडं बघितलं, आणि पुन्हा नातवाकडं. तीन तोंडं. शेवटी त्यांनी आपल्या हातातल्या गोळ्याकडं बघितलं. तो आता गार झाला होता आणि त्यातून पाणी सुटून त्यांच्या मनगटावरून ओघळत होतं.

"तुमालाच माझ्या घासाची घाण वाटली," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मग ह्या लेकरानं काय पाप केलंय?"

त्यांनी मूठ मिटली, म्हाळूला वच्छलाच्या हातात दिलं आणि त्या उठून न्हाणीकडं गेल्या. पाणी ओतल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

वच्छलाला जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही. न्हाणीच्या दारात म्हातारीची वाकलेली पाठ दिसत होती, आणि तरीही तिनं करायचं ते केलं. छबुबाईच्या हातून टोपल्यातली एक कड मागून घेतली, धुतली आणि म्हाळूच्या मुठीत दिली. म्हाळूनं ती आडवी तोंडात कोंबली आणि त्या दोन कण्यांनी करकरायला लागला. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्याला ते फार आवडलेलं दिसलं.

"देशमुखाच्या पोराला कुणब्यासारखं कडा खाऊ घालती," सुंदरराव भिंतीकडं बघत म्हणाले. पण ते उठले नाहीत, आणि कड काढूनही घेतली नाही. भावकी जेवून गेली. जाताना कुणी उष्टावणाबद्दल बोललं नाही.

दिवस कलल्यावर वच्छलानं शहादेवला परसात बोलावलं. एवढा वेळ तिला एकाच गोष्टीची शिसारी येत होती. त्या गोळ्याची नाही, आपली. पाच वर्षं खराट्याकडं बघत बसलेल्या बाईची. तिनं त्याच्या हातात भाकरीची कड दिली आणि म्हणाली, "खा."

शहादेवनं ती तोंडात घातली. चोखली, या गालातून त्या गालात फिरवली, पुन्हा चोखली. दोन ओळींमध्ये कड अडकली, हिरडीला टोचली. त्यानं ती बाहेर काढली. लाळेनं भिजली होती, तुटली मात्र नव्हती. अंजना पायरीवर बसून आपली कड खात होती. तो तिच्याजवळ गेला आणि कड तिच्यापुढं धरली.

"अंजे, चावून दे की."

अंजनानं क्षणभरही विचार केला नाही. भाऊच होता. तिनं ती ओली कड घेतली आणि आपल्या त्या चांगल्या सरळ दातांखाली घातली. पच पच आवाज झाला. मग तिनं तीन बोटं तोंडाकडं नेली.

"अंजे, थुंक ते," वच्छला म्हणाली.

अंजना दचकली. तिनं घास राखेत थुंकला. काय चुकलं ते तिला कळलं नव्हतं. वच्छलानं टोपल्यातून दुसरी कड काढली, शहादेवच्या हातात दिली आणि त्याच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसली. "तूच चाव," ती म्हणाली. तो रडला, तिनं ऐकलं. लाळ गळली, नाक वाहिलं, भाकरीचा चिखल हनुवटीवरून अंगरख्यावर आला, हिरडीतून थोडं रक्तही आलं. दिवेलागणीपर्यंत त्याची अर्धी कड संपली. वच्छला तोपर्यंत त्याच्या तोंडाकडं बघत बसली होती.